शेपटीचा गोंडा

मल्लप्पा तात्यांच्या एका खोलीला तीन दारं होती, आणि त्यांतलं रोजच्या वापरातलं एकच. पुढच्या दाराला बाहेरून हे एवढं थोरलं कुलूप. मी सहा वर्षं त्यांच्या शेजारी राहिले, पण ते कुलूप उघडलेलं एकदाही पाहिलं नाही. दुसरं दार मागच्या अंगणात. तिसरं दार म्हणजे खरं तर भिंतीतलं भगदाड. त्यात त्यांनी आतून कच्च्या विटा नुसत्या रचून ठेवल्या होत्या. चुना नाही, माती नाही. आतून एक लाथ मारली की माणूस थेट बोळात.

"हे कशाला हो तात्या?" मी एकदा विचारलं.

"घात आला तर पळायला."

"तुमच्यावर कसला घात येणार?"

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "त्यो आदी सांगून येत न्हाय की, अक्का."

वयानं मी त्यांच्या निम्मी, तरी मला ते अक्का म्हणत. मूळचे दुधनीकडचे. घरात कानडी, बाहेर मराठी आणि रागावले की दोन्ही. अंगानं काटकुळे, डोळे मोठे, मान सारखी इकडून तिकडे. पूर्वी प्लेगाच्या खात्यात होते. गावोगाव पिंजरे लावायचे, सापडलेल्या उंदरांत घरातले कुठले, शेतातले कुठले हे निवडायचं आणि वर कळवायचं, हे त्यांचं काम. पुढे एक दिवस नोकरी सोडली आणि सोलापुरात येऊन एका अडत्याच्या गोदामात राखणीला राहिले. नोकरी का सोडली ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यामुळे आमच्या बोळातल्या प्रत्येकानं आपापल्या सोयीनं कारण ठरवून टाकलं होतं.

आमचा बोळ साधा नव्हे. पाण्याच्या नळावर दोन बायका हळू आवाजात बोलल्या की तिसरी घागर तशीच टाकून जवळ यायची. आमचे हे गिरणीच्या टाइमकीपर ऑफिसात कारकून. उशिरा येणाऱ्यांच्या थापा ऐकून ऐकून त्यांचा माणसावरचा विश्वास उडालेला. सासूबाईंचा तर तो कधी बसलाच नव्हता. आणि मी? मी फायनलपर्यंत शिकलेली होते, म्हणजे संशय घ्यायला मला कारणंही सुचत. अशा बोळात तीन दारांचा माणूस राहायला आला, ही आमची चंगळच म्हणायची.

रोज दिवस कलला की तात्या बाहेर पडत. हातात काठी, काखेत वही, कोपरीच्या खिशात मूठभर ज्वारी. कुंभारीच्या वाटेला जो कुसळीचा उघडा माळ आहे तिथं जाऊन हा माणूस पालथा पडायचा. पालथा! दिवेलागण उलटून गेली की धोतराला कुसळं घेऊन परत.

माझ्या शेजारच्या नरसम्माचं ठाम मत होतं की माळावर धन पुरलेलं आहे. नरसम्माच्या घरी चार माग. खटखट चालू असतानाही तिला बोळातलं सगळं ऐकू यायचं. "अय्यो अम्मा, सोनं हाय तितं. न्हायतर कोन जातंय हो, पोटाला काटे टोचून घ्यायला?" सासूबाई म्हणायच्या, धनबिन काही नाही, हा करणी करतो; ज्वारी नेतो ती उताऱ्याची. माझा संशय या दोघींपेक्षा शिकलेला होता. शहरातला लष्करी कायदा नुकताच उठला होता, कोण कुणाची बातमी कुठं पोचवतो याचा नेम नव्हता, आणि वही घेऊन हिंडणारा माणूस दुसरा कोण असणार? मी तर तात्यांच्या देखत ह्यांची गांधी टोपीसुद्धा दोरीवर वाळत घालत नव्हते.

मग कुणीतरी फौजदाराला कळवलं. कुणी ते आजतागायत ठरलेलं नाही. नरसम्मा माझ्याकडे बोट दाखवते आणि मी नरसम्माकडे.

फौजदारानं भर बोळात वही ताब्यात घेतली आणि मोठ्यानं वाचायला लागला. "थोरली. दिवे लागताना बाहेर. चौफेर बघितलं. परत आत." मग पुढची ओळ. "लंगडा. उत्तरेच्या दारानं गेला. थोरलीकडं गेला न्हाय." नरसम्माचा नवरा एका पायानं अधू होता. तो लाल झाला. "पांढऱ्या पोटाची नवी. कुटून आली कळत न्हाय. संशय." यावर सगळ्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. थोरली म्हणजे आपणच, याबद्दल सासूबाईंच्या मनात शंका उरली नव्हती. मी काही दिवे लागताना चौफेर बघत नाही, असं त्या न विचारताच सांगू लागल्या.

"हे कोण लोक?" फौजदारानं दरडावलं.

"लोक न्हवं साहेब. मुशी."

"काय?"

"हरणमुशी. माळावरल्या."

फौजदाराचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा? तो तात्यांना पुढे घालून माळावर गेला. तिथं काय झालं ते बरोबर गेलेल्या शिपायानं नंतर सांगितलं. तात्यांनी म्हणे फौजदाराला पालथं पाडलं, तोंडावर बोट ठेवलं आणि ज्वारीचे चार दाणे समोर टाकले. घटकाभरानं जमिनीतली मऊ माती हलली, आतून कुणीतरी बूच काढावं तशी ती बाजूला झाली, आणि हरणाच्या रंगाचं एक जनावर बाहेर आलं. मोठे डोळे, पांढरं पोट, लांबलचक शेपटी आणि शेपटीच्या टोकाला काळा गोंडा. ते मागच्या पायांवर उभं राहिलं आणि सरकारी पोशाखाकडे बघून टुणकन उडी मारून पळालं. फौजदार परत आला तेव्हा त्याच्या कोटाला कुसळं लागली होती आणि चेहरा पोरासारखा झाला होता. पुढे रस्त्यात भेटला की तो तात्यांना हळूच विचारायचा, "लंगड्याचं काय म्हणताय?"

इतकं झाल्यावर तरी बोळाचा संशय मिटायला हवा होता. उलट वाढला. धनासाठी पालथं पडणारा माणूस एकवेळ कळतो. उंदरांसाठी पालथा पडणारा कसा कळावा?

मला मात्र आता त्या मुशींबद्दल ऐकायची गोडी लागली. भांडी घासता घासता मी भिंतीवरून विचारायची आणि तात्या पलीकडून सांगायचे. ही मूस पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. गवताची मुळं कुरतडून तेवढ्या ओलीवर उन्हाळा काढते. बिळाला तोंडं चार-पाच. पहाटे आत शिरली की आतून माती लोटून तोंड बंद करते. एक भुयार मात्र असं खणते की ते जमिनीच्या वर येतच नाही. बोटभर थर ठेवून थांबते. साप आत शिरला की तो थर डोक्यानं फोडून ही बाहेर. नर वेगळ्या बिळात, मादी वेगळ्या बिळात, पण हाकेच्या अंतरावर.

"आणि संसार?" मी विचारलं.

"चालतोय की. भांडण न्हाय काय न्हाय."

सुगीत ज्वारीची कणसं खुडून ती बिळात साठवते. दुष्काळात माळावरची माणसं ती बिळं उकरून त्यातली ज्वारी खातात, हेही त्यांनी सांगितलं. "पर समदं न्हेत न्हाईत. जाणता माणूस थोडं आत ठिवतोय. तिलाबी पोरंबाळं हायत."

तात्यांचं एक पालुपद होतं. कुणी कुणाची तारीफ केली की हे विचारणार, "शेपूट बघितलं का?" नवा दूधवाला बरा आहे म्हटलं, शेपूट बघितलं का? ह्यांच्या ऑफिसात नवा साहेब मायाळू आला आहे म्हटलं, शेपूट बघितलं का? मला आधी हे फार अचकट वाटायचं. मग कळलं की ती त्यांच्या जुन्या नोकरीतली रीत. पिंजऱ्यातलं जनावर समोरून बघितलं तर फसगत होते. घरातला उंदीर आणि माळावरची मूस यांतला फरक घाईत शेपटीवरून पटकन कळतो. गोंडा असला तर माळावरची, नसला तर घरातला. "तोंडं समद्यांची गरीबच असत्यात, अक्का," ते म्हणायचे.

पुढच्या हिवाळ्यात शेजारच्या पेठेत उंदीर पडायला लागले.

आता पडायला लागले म्हणजे काय, हे हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. प्लेग माणसाला व्हायच्या आधी उंदराला होतो. घरातला उंदीर भर दिवसा झिंगत बाहेर येतो, दोन गिरक्या घेतो आणि मरतो. तसा उंदीर ज्याच्या घरात पडला त्यानं घर सोडायचं, गावाबाहेर माळावर झोपडी घालून महिना दोन महिने राहायचं. म्युनिसिपालटीची माणसं येणार, घर धुणार, दाराला खूण करणार. ती खूण दाराला असली की दूधवाला बाहेरून जायचा आणि सोयरे वर्षभर त्या घरचं पाणी प्यायचे नाहीत. म्हणून आमच्या बोळात मेलेला उंदीर एका घरी मुक्काम करत नसे. सकाळी तो रंगाऱ्याच्या पायरीशी असला तर दुपारी नरसम्माच्या मागाखाली आणि संध्याकाळी आमच्या उकिरड्यावर. कुणी टाकला ते सगळ्यांना माहीत आणि कुणीच टाकलेला नाही. त्या दिवसांत आम्ही एकमेकींच्या हातातल्या चिमट्याकडे बघत होतो.

आणि नेमकी त्याच मार्गशीर्षात मी बाळंत झाले. लग्नाला आठ वर्षं झाल्यावर झालेली मुलगी. माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. मुलगी दिवस पुरे व्हायच्या आधी आली होती. रडायची तर आवाज खोलीबाहेर जायचा नाही. सुईण मला बजावून गेली, "हिला गार वारा लागला तर माझ्याकडं येऊ नका." खोलीत शेगडी पेटती, फटींना चिंध्या लावलेल्या, आणि मी त्या धुरात बसून मुलीच्या छातीचं वरखाली होणं बघत राहायची. तिचा श्वास जरा लांबला की माझा थांबायचा.

चौथ्या दिवशी दुपारी सासूबाई नळावर गेल्या होत्या. शेगडीच्या मागून उंदीर आला. दोन गिरक्या घेतल्या आणि माझ्या बाजेखाली पडला.

मला काय कळायचं ते कळलं. उंदीर पडला म्हणजे घर सोडायचं. घर सोडायचं म्हणजे माळ. माळावरचा मार्गशीर्षातला वारा आणि माझी ती एवढीशी मुलगी. मी चिमट्यानं उंदीर उचलला, चिंधीत गुंडाळला आणि मागच्या भिंतीवरून पलीकडे भिरकावला. पलीकडे तात्यांचं अंगण आहे हे मला माहीत होतं. खोटं कशाला बोलू? त्यांना घर नाही, संसार नाही, उंदरांची हौस आहे, असा विचारही मी केला.

तासाभरानं तात्या खिडकीशी उभे. बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, म्हणून बाहेरच. हातातल्या चिमट्यात ती चिंधी, पिसवा मराव्यात म्हणून रॉकेलात बुडवलेली, निथळत असलेली.

"अक्का, हे तुमचं."

"माझं नाही."

"ह्याचा दुसरा अर्धा तुमच्या दोरीवर वाळतोय."

मी वळून बघितलं. माझ्या जुन्या इरकली लुगड्याचे निळे लंगोट दोरीवर ओळीनं लागले होते. फायनलपर्यंतचं शिक्षण तिथं कामी आलं नाही.

"असेल," मी म्हटलं. "पण तो घरातला उंदीर नाही. माळावरची मूस आहे. तुम्ही रोज तिथं लोळता, तुमच्याच मागं मागं आली असेल."

तात्यांनी अगदी हळू विचारलं, "शेपटीला गोंडा व्हता?"

"होता."

"बघितला?"

"बघितला. काळा. चांगला एवढा होता." मी बोटानं दाखवलंसुद्धा.

त्यांचा चेहरा असा उतरला की मला भीती वाटली. ते खिडकीखाली मटकन बसले. मला आता त्यांचं मुंडासं तेवढं दिसत होतं.

"मीबी हेच म्हणालो व्हतो," खालून आवाज आला.

"कुणाला?"

"घरात. आमच्याकडं. ती बाळातीण व्हती, पाचवा दीस. कणगीमागं तिला मेलेलं घावलं. ती म्हणाली, बाहीर जाऊ. थंडी लई व्हती. मी हातात घेऊन बघितलं. शेपटीचं टोक मांजरानं खाल्लं व्हतं. मी खात्यातला माणूस. धा गावं माझ्या सबुदावर हलायची. मी म्हणालो, ही माळावरची मूस हाय, हिचं काय भ्या न्हाय, निवांत ऱ्हा. गोंडा दिसला न्हवता, अक्का. पर मला तो पायजे व्हता."

"मग?"

"मग काय. मी आज हितं हाय. त्या दोघी न्हाईत."

मला रडू आलं. मुलगी मांडीवर होती, तिच्या अंगावर टिपं पडायला लागली म्हणून मी तोंड फिरवलं.

"तात्या, गोंडा नव्हता."

"ठावं हाय मला. उंदीर बघितलाय की मी."

"मग विचारलंत कशाला?"

"तुमच्या तोंडनं निघाल्याबगर तुमी हितनं हलला नसता," ते म्हणाले आणि उठले. "घरातली एक चिंधीसुदा संगं घ्यायची न्हाय. बाज, गोधडी, समदं हितंच. पोरीला कोऱ्या कापडात गुंडाळा. वाऱ्याचं माझ्याकडं लागलं."

कोरं कापड नरसम्मानं दिलं. मागावरून उतरवलेलं लुगडं तिनं खिडकीतून आत टाकलं आणि उंदीर आपल्याकडून आला नाही, हे तीनदा सांगून घेतलं.

तात्या कुदळ घेऊन माळावर गेले. गिरणीतून आल्याबरोबर हेही गेले, पण मदतीला नव्हे, हा माणूस काय करतो ते बघायला. बघतात तर तात्या सगळा माळ हिंडून बिळं तपासताहेत. ज्या बिळांवर कोळ्याची जाळी धरली होती ती जागा त्यांनी लांबून टाळली. जिथं बिळांच्या तोंडाशी आजची ताजी माती होती, तिथून शंभर पावलं मोजून त्यांनी कुदळ मारली.

सासूबाई मागून पोचल्या आणि उखडल्या. "आरं ए, उंदरापासनं पळायचं आन् उंदराच्याच शेजारी ऱ्हायचं व्हय?"

"आज्जी, रोग असता तर ह्याच आदी मेल्या असत्या. ह्या जित्या हायत, म्हंजे जागा चांगली हाय."

"तुला त्येंनी सांगितलं व्हय?"

"व्हय. चार वरसं झाली, सांगतायत."

सगळे लोक माळावर कडब्याची झोपडी उभी करत. तात्यांनी आधी कंबरभर खड्डा खणला. मुरूम कठीण, हाताला फोड आले तरी हा माणूस थांबेना. सासूबाई काठावर उभ्या राहून ह्यांना म्हणाल्या, "बग रं बाबा, हा आपल्याला पुराय तर खणत न्हाय न्हवं?" खड्ड्यावर कडब्याचं छप्पर अगदी बुटकं. आत जायची वाट वाकडी, म्हणजे वारा सरळ आत शिरायला नको. शेगडीचा धूर जायला दुसरीकडून तिरकं भोक. आणि मग तात्या माळावर मांडी घालून बसले आणि वाळकं गवत दोन्ही हातांनी बारीक बारीक तोडत राहिले. हरणमूस पिल्लांसाठी तसंच दातांनी तोडते म्हणे. ढीगभर मऊ गवत त्यांनी खड्ड्यात अंथरलं आणि मी मुलीला घेऊन पोचले तेव्हा बाहेर जाऊन पाठ करून उभे राहिले. "आता आत जावा," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी बाहेर डोकं काढलं आणि इकडेतिकडे कुणी ऐकत नाही हे बघून मला म्हणाल्या, "घरापरीस ऊब हाय गं." मुलीचे तळपाय पहिल्यांदा गरम लागले होते. मी ते तळपाय गालाला लावून बसून होते.

चार दिवसांत आमचा अर्धा बोळ माळावर आला. तात्यांचा सल्ला कुणी विचारला नाही. पण रात्रीत प्रत्येकाला आमच्याच आसपासची जागा सोयीची वाटायला लागली, आणि प्रत्येकानं कंबरभर खड्डा आपल्या डोक्यानं खणला. जे मागे राहिले त्यांच्यातली तीन माणसं त्या पंधरवड्यात गेली. त्यांची नावं मी इथं घेत नाही. त्यांच्यातल्या एकीच्या पायरीवर मी मागे एकदा चिमटा रिकामा केला होता, ते मात्र सांगायला हवं.

तात्यांनी स्वतःची खोप आमच्यापासून बरीच लांब घातली. रोज सकाळ-संध्याकाळ ते वीस पावलांवर येऊन उभे राहायचे. जवळ यायचे नाहीत.

"दूद पिती का?"

"पिते."

मान हलवायची, वहीत काहीतरी टिपायचं आणि चालते व्हायचं. स्वभावाला औषध नाही; मला पुन्हा संशय. एकदा ते वही खाली ठेवून कडबा बांधत होते तेव्हा मी हळूच उघडून बघितली. मुशींच्या पानांनंतर एक कोरं पान सोडलं होतं. पुढे लिहिलं होतं, "धाकटी. सकाळी प्याली. सांजी प्याली. शिंकली दोनदा." दुसऱ्या दिवसाचं, "प्याली. शिंकली न्हाय. रडली, आवाज मोठा. संशय न्हाय." मी वही होती तशी ठेवली आणि आत जाऊन मुलीला उगीचच उचलून घेतलं.

बाराव्या दिवशी बारसं माळावरच करायचं ठरलं. ह्यांनी दोन बांबूंना कोऱ्या लुगड्याची झोळी बांधली. नरसम्मानं घुगऱ्या शिजवल्या. नाव ठेवायला आत्या हवी, ती कुर्डुवाडीला. प्लेगाच्या गावात ती कशी येणार? तात्यांची हकिगत मी घरात सांगितली होती. तेव्हा सासूबाई, होय, सासूबाईच म्हणाल्या, "त्या मल्लप्पालाच इचारा. त्येनं ल्येकीसाटी एकांदं नाव योजलं आसंल की. तेच ठिवू."

मला ते फार पटलं. मी मुलीला घेऊन त्यांच्या खोपीकडे गेले. ते उठून मागे सरकायला लागले, पण मी मुलगी त्यांच्या हातात दिलीच. त्यांनी तिला कसं धरावं ते न कळून छातीशी आवळलं.

"तात्या, तुमच्या मुलीचं नाव काय ठेवलं होतं?"

"ठेवलं कुटं. नवव्या दिशी गेली. बारसं झालंच न्हाय." मग म्हणाले, "ठरलं व्हतं. मला ठावं, तिच्या आईला ठावं."

"मग तेच हिला ठेवू. तुम्हीच हिच्या कानात सांगा."

मी त्यांना केवढं मोठं काही देते आहे, अशा थाटात मी ते म्हटलं. तात्या मुलीकडे बघत राहिले. तिनं त्यांच्या कोपरीची गुंडी मुठीत धरली होती. त्यांनी तिच्या कानाशी तोंडही नेलं. मग मान वर केली आणि हलवली.

"न्हाय, अक्का. तिच्यापाशी दुसरं काय न्हाय. ना कापड, ना पाळणा. येवढं एक नाव हाय. ते तिचं तिला ऱ्हाऊ द्या."

मी मुलीला घ्यायला हात पुढे केले.

"हिला तुमी दुसरं ठिवा की. चांगलं. शंबर वरसं पुरंल आसलं," ते म्हणाले आणि मुलगी माझ्या हातात दिली.

आम्ही शांता ठेवलं. आत्याच्या जागी नरसम्मानं कानात कुर्र केलं. घुगऱ्या वाटायला लागलो तेव्हा तात्या पहिल्यांदाच सगळ्यांच्यात येऊन बसले. मी त्यांच्या ओंजळीत घुगऱ्या घातल्या. त्यांनी त्या पदराएवढ्या फडक्यात नीट बांधून बाजूला ठेवल्या आणि रिकामी ओंजळ पुन्हा पुढे केली.

"ही आता कुणाला?" असं विचारायला नरसम्मानं तोंड उघडलं होतं. त्यांच्या घरचं एक बारसं राहून गेलं होतं. मी तिचा हात दाबला आणि तात्यांची ओंजळ काठोकाठ भरली.